पऱ्हाटीचा खुलासा

तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एकदाच खुलासा मागवला गेला, आणि तोही एका अर्ध्या र मुळे. खुलासा म्हणजे काय हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. वरून एक कागद येतो. तुमच्याविरुद्ध अमुक तक्रार आहे, इतक्या दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं समजून पुढची कारवाई होईल, असं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या कागदावर तक्रार होती चोरीची. गाण्याच्या चोरीची! वाचून मी तो कागद टेबलावर असा आपटला की हेडमास्तरांच्या कपातला चहा बशीत आला.

"बाई, शांत व्हा," ते म्हणाले. शांत व्हा म्हटलं की मी आणखी भडकते, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आमची शाळा झरी गावाच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागते. मी तिसरीची बाई. पहिल्यापासून मी गाऊन शिकवायची. दिशा, ऋतू, महिने, पाढे, सगळं चालीत. एकोणीसचा पाढा पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरेना म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी त्याला एक चाल लावली होती. प्रत्येक ओळ शेवटाला टुणकन वर उचलायची. ती चाल इतकी अंगवळणी पडली की घरी भाकरी थापतानाही तोंडात तीच. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना सांगायलाही मलाच पुढं बसवायचे. आवाज होता माझा, उगं कशाला विनय दाखवू?

तीन वर्षांपूर्वी गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, जीव वाचला. पण आवाजाची नस दुखावली गेली. बोलता येतं, रागावताही येतं, त्यात काही कमी नाही. वरचा सूर लावायला गेलं की मात्र नुसती हवा. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. वर्षभर वाट बघितली, मग वाट बघणं सोडलं. वर्गात पट्टीनं टेबल वाजवून पाढे घ्यायला लागले. पोरं म्हणायची बिचारी, पण टेबलाच्या तालावर किती वेळ म्हणणार? विहारात मी मागच्या रांगेत बसायला लागले. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. फार वाईट गेले, एवढंच.

मग एका प्रशिक्षणात एका तरुण शिक्षिकेनं मोबाईलवर दाखवलं, की आपण शब्द लिहून द्यायचे आणि यंत्र गाणं करून देतं. चाल, वाद्यं, गाणारीचा आवाज, सगळं. मी मागं बसून म्हटलं, यंत्र काय डोंबल गाणार! पण घरी येताना स्कुटीवर डोक्यात तेच. त्या आठवड्यात माझ्या वर्गात पऱ्हाटीनं घोळ घातला होता. कपाशीला आमच्याकडं पऱ्हाटी म्हणतात. पोरं हंगामात कमरेइतक्या पऱ्हाटीत उभी असतात, पण लिहायला सांगितलं की एक लिहितंय पराटी, दुसरं लिहितंय पर्हाटी, तिसरं तर सरळ कापूस लिहून मोकळं झालं. ह ला चिकटून उभा राहणारा तो आडवा, अर्धा र त्यांना सापडतच नव्हता. मी त्याला 'लाजरा र' म्हणते. त्या लाजऱ्या र साठी मी गाणं लिहिलं:

पऱ्हाटीच्या वावरात कुऱ्हाड कुणी नेली?
गुऱ्हाळावर वऱ्हाड आलं, बिऱ्हाडं रिकामी झाली!
गाऱ्हाणं घेऊन गेलो तर तऱ्हाच न्यारी केली!

अर्थ विचारू नका. तिसरीच्या पोरांना अर्थ लागत नाही, ऱ्ह लागतो.

यंत्राला चाल गुणगुणून दिली तरी चालते, असं त्या शिक्षिकेनं सांगितलं होतं. मला एकोणीसच्या पाढ्याचीच चाल हवी होती, पण गुणगुणणार कोण? आमच्या घरचे पूर्ण्याला रेल्वेत आहेत. सुराशी त्यांचं जन्माचं वैर. पण वीस वर्षं स्वयंपाकघरातून तीच चाल ऐकत आलेले, त्यामुळं पाठ होती. "माझा आवाज घुमतो तिथंच म्हणतो," म्हणाले, आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून त्यांनी ती मोबाईलवर भरून दिली. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "काम झालं की हे पुसून टाक, हं. कुणी ऐकलं तर अब्रू जाईल." मीही लगेच पुसलं. बायकोनं एकदाच नवऱ्याचं ऐकलं आणि तेच नडलं.

यंत्रानं त्यांचं ते वाकडंतिकडं सरळ करून गाणं दिलं. कुणा न जन्मलेल्या बाईचा स्वच्छ आवाज. आणि पहिलाच शब्द ती म्हणाली, "पराठीच्या वावरात."

"पराठ्याचं वावर!" आमच्या घरचे हसून हसून लोळले. "बांधाबांधानं लोणचं लाव आता."

मी पाच-सहा तऱ्हांनी लिहून बघितलं. यंत्राला माझा लाजरा र काही उच्चारता येईना. शेवटी मनावर दगड ठेवून मी तो शब्द तोडला आणि लिहिलं, 'पर हाटी'. मराठीच्या बाईनं जाणूनबुजून अशुद्ध लिहायचं म्हणजे काय असतं, ते मराठीच्या बाईलाच विचारा. मग यंत्र गायलं, "पर... हाटीच्या वावरात." मध्ये उचकी लागल्यासारखा एक थांबा. बाकी सगळं ठीक. माझे शब्द, माझी चाल, शेवटाला टुणकन उचललेली ओळ. मी पलंगाच्या कडेला बसून चारदा ऐकलं आणि खरं सांगते, रडले. दोन वर्षांनी माझं काहीतरी गाण्यातून बाहेर आलं होतं. त्या यंत्राला नावं ठेवणारे ठेवोत, मी त्याचे उपकार विसरणार नाही.

वर्गात तर त्या उचकीनंच कमाल केली. पोरं 'पर' म्हणून श्वास धरायची, सगळी एकदम खांदे उडवायची आणि 'हाटी' म्हणून फुटायची. र कुठं संपतो आणि ह कुठं सुरू होतो, हे त्यांना अंगातून कळलं. आठवड्यात सगळ्या वर्गाचं पऱ्हाटी बरोबर. हेडमास्तरांनी कौतुकानं त्याचा व्हिडिओ काढून शाळेच्या चॅनेलवर टाकला, शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवला, तो तालुकाभर फिरला.

आणि तीन-चार महिन्यांनी तो व्हिडिओ बंद पडला. खाली सूचना आली, या व्हिडिओतलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. मागोमाग तक्रार, आणि तक्रारीमागोमाग खुलाशाचा कागद. तक्रार करणारी होती मोठ्या शहरातली एक कंपनी. मोबाईलवर पैसे घेऊन मुलांना शिकवतात ते. आमच्या शाळेनं त्यांचं गाणं परवानगीशिवाय वापरलं म्हणे!

मी त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस एकच घोषा लावला होता. "न विचारता उचलतो तो चोरच! मग तो कंपनी असो की कुणी असो. सोडणार नाही मी एकालाही." वर्गात, ओट्यावर, हेडमास्तरांच्या खोलीत, जिथं जाईन तिथं हेच. आता आठवलं की लाज वाटते, का ते पुढं कळेल.

माझी एक जुनी विद्यार्थिनी परभणीच्या कोर्टात वकिली करते. तिसरीत असताना लिहिताना जीभ बाहेर काढायची, अजून काढते. तिला फोन केला, तर रविवारी सकाळी ती स्वतःच घरी आली. तिनं त्या कंपनीचं गाणं मोबाईलवर लावलं. चाल तीच. शब्द तेच. आवाज जरा वेगळा, वाजवणं जास्त झगमगीत. आणि पहिल्या ओळीला, "पर... हाटीच्या." पडद्यावर अक्षरंही तशीच तोडलेली, पर, मग मोकळी जागा, मग हाटी.

"बाई," ती म्हणाली, "ह्यांनी तर उचकीसकट उचललंय."

त्या कंपनीत पऱ्हाटी म्हणजे काय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ऐकू आलं तसं लिहून मोकळे. ज्यांच्या वावरात ती उगवते त्यांनाच त्यातली चूक दिसणार.

मग तिनं मला नीट बसवलं आणि विचारलं, "गाणं फुकटच्या प्लॅनवर केलं का पैसे भरून?"

"फुकटच्या. शिक्षिका आहे मी, सिनेमावाली नाही."

"मग त्याचा धंदा तुम्हालाही करता येत नाही बाई. ह्यांनी तुमचं गाणं त्याच यंत्रात घालून, पैसे भरून, परत करून घेतलंय. त्यांच्याजवळ धंद्याच्या परवानगीचा कागद आहे, तुमच्याजवळ नाही. म्हणून ते शिरजोर झालेत." तिनं बोटांवर मोजायला घेतलं. "गाण्याचे तीन भाग करा. शब्द, चाल, आवाज. आवाज यंत्राचा, त्याच्यावर भांडायचंच नाही. शब्द तुम्ही लिहिले, लिहिले त्या क्षणी तुमचे झाले, त्याला वेगळी नोंद लागत नाही. फक्त आधी लिहिले हे दाखवावं लागेल. दाखवता येईल?"

शब्दांचं दाखवता आलं, आणि ते कुणामुळं, तर ज्यांच्या कपातला चहा मी सांडला होता त्यांच्यामुळं. रोज वर्गात काय शिकवणार ते आम्हाला टाचणवहीत लिहावं लागतं. आमचे हेडमास्तर दर शनिवारी प्रत्येकाची टाचणवही तपासून पानापानावर सही आणि तारीख टाकतात. "काय सही-सही खेळता सर," म्हणून मी त्यांची किती थट्टा केली असेल! त्यांनी कपाट उघडलं, गेल्या वर्षीची वही काढली, पान उघडून समोर ठेवलं. माझ्या अक्षरात तीनही ओळी, पऱ्हाटी शुद्ध, लाजरा र जिथल्या तिथं, आणि खाली त्यांची वळणदार सही तारखेसकट. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

वकीलबाईनं त्या पानाचा फोटो कंपनीला पाठवला. उत्तर दोन दिवसांत आलं, आणि ते वाचून माझं डोकंच फिरलं. शब्द बाईंचे असतील तर आम्ही दुसरे घालू, असं त्यांनी लिहिलं होतं. पण चाल यंत्रानं केलेली आहे, यंत्राच्या चालीवर बाईंचा हक्क नाही, आम्ही मात्र रीतसर पैसे भरलेले आहेत. सबब तक्रार मागं घेणार नाही.

म्हणजे माझी चाल! पहिल्या वर्षीच्या पोरांसाठी लावलेली, आवाज गेल्यावर माझ्याजवळ उरलेली एकुलती एक. तीच त्यांची, आणि मी ती चोरणारी. बदनामीचा राग होताच, पण खरं दुखणं हे होतं.

"यंत्राच्या चालीचा मालक कोण, ह्यावर अजून भल्याभल्यांचं एकमत नाही," वकीलबाई म्हणाली. "पण माणसानं आधी बांधलेली चाल माणसाचीच. ती तुमची होती हे दाखवा. काहीतरी भरून ठेवलेलं असेलच की. वीस वर्षं गायलात तुम्ही."

काहीच नव्हतं. न्हाणीघरातलं पुसलेलं. आणि माझा जुना आवाज भरून ठेवायचं कधी डोक्यातच आलं नाही. रोज होता ना तो, रोजचं कोण भरून ठेवतं? आमच्या घरच्यांनी पुन्हा न्हाणीघरात जायची तयारी दाखवली, पण आजची तारीख काय कामाची? ते बिचारे दोन दिवस माझ्यासमोर मान खाली घालून जेवले.

खुलासा सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी हेडमास्तरांच्या खोलीत बसून कागदाकडं बघत होते. राग संपला होता, हे माझं मलाच नवीन होतं. म्हटलं, "सर, शब्दांपुरतं लिहिते आणि देते. वीस वर्षं एकोणीसचा पाढा गायले, पण गायले होते असं सांगणारा एक कागद नाही माझ्याजवळ."

दारात आमच्या मावशी उभ्या होत्या. शाळेची खिचडी त्याच शिजवतात, आम्ही एकाच वर्षी या शाळेत लागलो. ताटांचा हिशोब विचारायला आल्या होत्या. हिशोब न विचारताच त्या परत गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, हातात त्यांचा कडा फुटलेला मोबाईल. माझ्याकडं न बघता त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बोट लावलं.

आधी पातेल्यात उलथनं फिरल्याचा आवाज. मग लांबून, ओट्याच्या पलीकडून, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." ओळ शेवटाला टुणकन वर. पोरांचा गलका तिच्यामागं. मध्येच चाल तोडून, "ए, खिडकीतून काय बघायलास? फळा तिकडं हाय का?" आणि पुन्हा त्याच सुरात, एक केसही इकडंतिकडं न होता, "एकोणीस त्रिक सत्तावन्न..."

मी होते ती. मी!

हेडमास्तर उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. माझा आवाज कसा होता हे मी विसरले होते. आठवतो असं वाटायचं, पण नव्हता आठवत. मला वाटायचं त्यापेक्षा चांगला होता तो.

फोनमध्ये तारीख होती, चार वर्षांपूर्वीची. वकीलबाईला फोन केला तर ती ओरडलीच, "फोनला हात लावू नका, काही पुसू नका, मी आत्ता येते!" आणि खरंच तासाभरात कोर्टातून आली.

रविवारी मी खुलासा लिहायला बसले. शब्द: स्वतःचे. चाल: स्वतःची. आवाज: यंत्राचा. खोटं कशाला लिहा? शेवटी 'सोबत जोडले आहे' असं लिहून खाली एक, टाचणवहीच्या पानाची प्रत. दोन, माझ्या आवाजातील पाढ्याचे ध्वनिमुद्रण. 'माझ्या आवाजातील' लिहिताना पेन थांबला. आमच्या घरच्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तेही शेजारी बसून राहिले.

खुलासा मान्य झाला. पंधरा-वीस दिवसांत कंपनीनं तक्रार मागं घेतली, त्यांचं ते पर हाटी उतरवलं, आणि आमचा व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. हेडमास्तरांनी पेढे आणले. वकीलबाईनं फी घेतली नाही, विषय काढला तर म्हणाली, "बाई, एकोणीसचा पाढा फुकटच शिकवला होता तुम्ही मला." तिचे मी कुठल्या तोंडानं आभार मानू? मानले, फुटक्या आवाजात, जमतील तसे.

मावशींचे मानायचे राहिले होते, कारण त्या मला टाळत होत्या. मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले तर त्या तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठूनच उभ्या राहिल्या.

"बाई, येक ईचारू का?" आवाज अगदी बारीक. "आता समदं झालं. मंग माझं काय व्हईल?"

"तुमचं काय व्हायचंय, मावशी?"

"तुमीच म्हन्ला व्हता, न ईचारता उचलतो त्यो चोरच, सोडनार न्हाई येकालाबी. म्या बी तुमाला न ईचारताच भरलं व्हतं. नातीला पाढे येत न्हवते, तिला ऐकवावं म्हन्लं. मंग तुमचा आवाज गेला. पुसावं वाटंना. तांदूळ निवडताना रोज ऐकते. तुमाला दाखवावं म्हन्लं तर तुमाला दुख व्हईल म्हनून भ्याव वाटायचं. आन् नंतर तुमी अशा कडकडायलाव, की म्हन्लं आता तर दाखवायचंच न्हाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्येची बी केस व्हती का बाई?"

मी पंधरा-वीस दिवस न विचारता उचलणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत फिरत होते, आणि ही बाई त्यातलं एकेक बोट स्वतःकडं धरून खिचडी शिजवत होती. भ्याली होती, तरी त्या शुक्रवारी येऊन फोन माझ्यासमोर ठेवला होता. मी त्यांचे दोन्ही हात धरले, तांदळाचं पीठ लागलेले.

"व्हती मावशी, केस व्हती," मी म्हणाले. "आन् शिक्षा बी हाय. रोज मधल्या सुट्टीत हितं बसून मला ऐकवायचं."

त्या हसल्या, डोळे पुसले, फोन हातात घेतला.

"जोरात लावू का बारीक?"

"जोरात," मी म्हणाले.